वकिलाची कवळी

कवळी म्हटलं की माणसं आधी हसतात आणि मग नकळत जिभेनं स्वतःचे दात चाचपतात. लग्नकार्यात शेजारी बसलेल्यानं ‘आपण काय करता?’ असं विचारलं आणि मी खरं सांगितलं की हे दोन्ही प्रकार ठरलेले. मी डेंटल टेक्निशियन. दाताचे डॉक्टर खुर्चीत बसवून माप घेतात आणि शेवटी कवळी बसवून देतात. मधलं सगळं, म्हणजे प्रत्यक्ष कवळी, आम्ही मागच्या खोलीत करतो. पेशंट आम्हाला कधी बघत नाही, आणि आम्ही पेशंटचं तोंड बघतो ते प्लास्टरमध्ये. आभार डॉक्टरांना आणि तक्रारी आम्हाला, अशी या धंद्यातली जुनी वाटणी आहे.

काम सांगायला सोपं आहे. मापावरून प्लास्टरचा साचा करायचा. त्यावर मेणाचा टाळू थापायचा आणि मेणात तयार दात एकेक करून रोवायचे. मग मेण वितळवून टाकायचं, त्या पोकळीत अ‍ॅक्रिलिकचा लगदा भरायचा आणि सगळं पितळी डब्यात दाबून पाण्यात शिजवायचं. थोडक्यात, उकडीच्या मोदकासारखं काम. सारण आणि पारी दोन्ही जमायला वर्षं जातात.

कुवेतमध्ये मी एका कुवेती डॉक्टरांच्या खाजगी क्लिनिकमध्ये होतो. नाना तऱ्हेची गिऱ्हाइकं आली. तरुणपणी मोती काढायला समुद्रात बुड्या मारणारे एक आजोबा कवळी पुनःपुन्हा परत पाठवत, कारण ती फार सरळ होती. त्यांचा मूळचा एक दात तिरका होता आणि तो तसाच तिरका करून दिल्याशिवाय बायको घरात घेणार नाही, असं ते गंभीरपणे सांगत. आपल्याकडच्या एक नर्सबाई होत्या. त्यांचे पुढचे तीन दात खोटे आहेत हे नवऱ्याला माहीत नव्हतं. दात दुरुस्तीला टाकले की त्या दिवसभर तोंडावर ऑपरेशनचा मास्क लावून वॉर्डात फिरत.

पण आज सांगायचं आहे ते एका अशा माणसाविषयी ज्याला मी कधीच बघितलं नाही. तो गेल्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत, मका पिकवणाऱ्या मुलखात, वकिली आणि राजकारण करत होता. माझी-त्याची ओळख झाली नव्वद सालच्या शरदात, कुवेतच्या सबाह अल-सालेम वस्तीतल्या एका किराणा दुकानाच्या माळ्यावर.

ऑगस्टमध्ये इराकचं सैन्य कुवेतमध्ये घुसलं तेव्हा आमचे डॉक्टर सुट्टीला युरोपात होते. माझा पासपोर्ट त्यांच्या तिजोरीत आणि तिजोरीची किल्ली त्यांच्या खिशात. बायको-मुलं सुदैवानं मिरजेला गेली होती. आपली माणसं बसनं बसऱ्यामार्गे जॉर्डनला आणि तिथून विमानानं मुंबईला निघाली होती. मी मात्र अडकलो. रोज सकाळी क्लिनिक उघडायचो, झाडायचो आणि बंद करायचो. एकदा लूटमार करणारे येऊन गेले. खुर्ची नेली, कॉम्प्रेसर नेला, आणि कवळीला लावायच्या तयार दातांचे सगळे ट्रेसुद्धा नेले. दातांचं ते काय करणार होते देव जाणे. प्लास्टर, मेण, अ‍ॅक्रिलिकची पूड आणि माझा पितळी डबा तेवढा त्यांना भंगार वाटला.

युसुफभाई दाभोळच्या खाडीकाठचे. सबाह अल-सालेममध्ये त्यांचा बकाला होता, म्हणजे किराणा दुकान. मी तिथेच जवळ राहायचो आणि त्यांच्याकडून डाळ-तांदूळ घ्यायचो. एका दुपारी त्यांनी शटर अर्ध्यावर ओढलं आणि मला मागच्या जिन्यानं माळ्यावर नेलं. तिथे गोण्यांच्या आड सत्तरीचा एक गोरा म्हातारा बसला होता. वॉल्टर. अहमदी गावच्या तेल कंपनीत उभी हयात काढलेला, निवृत्तीनंतर मीना अब्दुल्ला बंदरावरच्या एका ठेकेदाराला सल्ला देत राहिलेला, बायको गेलेली. इराकी लोक अमेरिकनांना पकडून नेत होते, म्हणून तो जुन्या ओळखीच्या दुकानदाराकडे येऊन राहिला होता. गोऱ्यांना लपवणाऱ्याला फाशी, अशी ताकीद रेडिओवर दिलेली होती. युसुफभाईंना ती पाठ होती.

“शेटेभाऊ, म्हातारा काय खात नाय वो,” ते म्हणाले. “नुसता चाय पितो. असाच ऱ्हायला तर शिपाई येवच्या आधी हितंच मरल. मग मयत मी खंय न्हेऊ?”

झालं होतं असं की झडतीला शिपाई आले तेव्हा वॉल्टर गच्चीवर पाण्याच्या टाकीमागे पळाला आणि कवळी पेल्यातच राहिली. शिपायांनी माळा उलटापालटा केला. पेला फुटला आणि कवळीवर बूट पडला. उरलेले तुकडे त्यानं मला रुमालात दाखवले. निम्मे दात गायब होते आणि टाळूचा पार भुगा. मी सांगितलं, जोडता येणार नाही. नवी करता येईल, पण दात नाहीत. संपूर्ण कुवेतमध्ये त्या वेळी कवळीचे दात कुठे मिळतील हे मला सांगता येत नव्हतं.

वॉल्टरनं मान हलवली. मग उशाखालून एक तंबाखूचा पत्र्याचा डबा काढून माझ्यापुढे धरला. “तुझ्या धंद्यातली चीज आहे,” तो म्हणाला. “बघून ठेव.”

आत एक कवळी होती. गर्द तपकिरी, जवळजवळ काळपट. मी ती उजेडात नेली आणि उलटसुलट करून बघितली. ती रबराची होती. अ‍ॅक्रिलिक येण्याआधी गंधक घालून कडक केलेल्या रबराच्या कवळ्या करत, हे मी पुण्यात शिकताना ऐकलं होतं. हातात कधी आली नव्हती. दात चिनी मातीचे, एकेक पिनेनं रबरात बसवलेला.

“कुणाची?” मी विचारलं.

“माझ्या वडिलांची.”

आम्हा लोकांना एक खोड असते. कवळी हातात आली की मालकाचा स्वभाव ओळखायचा. मी म्हणालो, हे गृहस्थ डाव्या बाजूनं चावायचे, कारण डाव्या दाढा झिजल्यात. वॉल्टर म्हणाला, बरोबर, उजवीकडे पाईप असायचा. पुढच्या दातांच्या मागे टाळू कुणीतरी खरवडून पातळ केला होता, आणि तेही योग्य हत्यार नसलेल्या माणसानं. मी म्हणालो, हे बोलायचं काम करत असणार, ‘स’ म्हणताना शिट्टी वाजत असणार. वॉल्टर पहिल्यांदा हसला. वडील वकील होते आणि निवडणुका लढवायचे. चाळिशीतच सगळे दात काढावे लागले. त्या काळी ध्वनिक्षेपक नव्हते, गवताच्या गाडीवर उभं राहून हजारभर शेतकऱ्यांना ऐकू जाईल असं ओरडावं लागे. नव्या कवळीनं पहिलंच भाषण केलं तेव्हा दर ‘स’ला शिट्टी वाजली आणि पुढे बसलेली पोरं परत शिट्ट्या मारू लागली. घरी येऊन त्यांनी पेन्सिल तासायच्या चाकूनं टाळू खरवडला.

मग मी शेवटचं ओळखलं. टाळूवर डावीकडे आडवी चीर होती, नंतर सांधलेली. ही धुताना बेसिनमध्ये पडली, मी ठामपणे म्हणालो. जगातल्या बहुतेक कवळ्या तशाच फुटतात.

“नाही,” वॉल्टर म्हणाला आणि डबा बंद केला.

त्या बंद डब्यानं माझी झोप घालवली. मला ती चीर कशी पडली ते कळायलाच हवं होतं. आणि दुसरी गोष्ट जी मला तिथेच दिसली होती, पण बोलायचं धाडस झालं नव्हतं, ती ही की त्या कवळीत दात होते.

दुसऱ्या दिवशी माप घ्यायची पूड घेऊन गेलो. खरं तर दातांशिवाय मापाचा काही उपयोग नव्हता, पण जाण्यासाठी निमित्त हवं होतं. वॉल्टर सांगत होता आणि मी ऐकत होतो. वडील शेतकऱ्याचं पोर. कॉलेजात कधी गेले नाहीत. गावच्या न्यायाधीशाच्या कचेरीत झाडू मारायचे आणि तिथलीच पुस्तकं वाचून वकील झाले. त्या काळी तिकडे तसं चालायचं. रेल्वेचे डबे जोडताना ज्यांची बोटं तुटायची अशा मजुरांचे खटले चालवले. त्याच मजुरांनी त्यांना राज्याच्या विधिमंडळात दोनदा निवडून दिलं. तिथे अशा अपघातांना भरपाई मिळावी म्हणून ते रात्रंदिवस भांडले. पुढे वॉशिंग्टनला पाठवायचं असं पक्षात बोललं जाऊ लागलं होतं.

“मग?” मी विचारलं. पण मिश्रण घट्ट व्हायला लागलं होतं, म्हणून मला ते त्याच्या तोंडात घालावं लागलं. गोष्ट ऐन रंगात आलेली असताना मीच त्याचं तोंड बंद केलं आणि नाकानं श्वास घ्या म्हणून सांगत बसलो.

माप निघालं तेव्हा मी हिय्या करून बोललो. वडिलांच्या कवळीतले दात गरम करून सोडवता येतील. बापलेकांच्या जबड्याची घडण बहुधा सारखीच असते, तेव्हा ते बसतीलही. मात्र जुनी कवळी राहणार नाही. रबराचं नुसतं भोकं पडलेलं कवच उरेल.

वॉल्टरचा चेहरा बदलला. त्यानं डबा जवळ ओढला. मग सांगितलं की वडील वारले तेव्हा तो अहमदीत होता. पोहोचेपर्यंत दफन उरकलं होतं. शेल्फावर पेल्यात कवळी तशीच होती. गावकऱ्यांनी त्यांना तिच्याशिवायच पुरलं होतं. आयुष्यभर बोलणारा माणूस बोळक्या तोंडानं गेला, आणि मुलगा वेळेवर आला असता तर हे झालं नसतं. “हे सुटे भाग नाहीत,” तो म्हणाला.

जिन्याच्या तोंडाशी युसुफभाई दुकानावर नजर ठेवून उभे होते. त्यांनी मला विचारलं, काय म्हणतो. मी सांगितलं.

“त्येला सांगा,” युसुफभाई शांतपणे म्हणाले, “पोरं बापाची जमीन खातात, बापाचं नाव इकून खातात. ह्यो तर बापाच्या दातांनी खानार. ह्यात शरम कसली?”

मी शब्दाला शब्द भाषांतर केलं. वॉल्टरनं डबा माझ्याकडे सरकवला, आणि न विचारता चिरेची गोष्ट सांगितली.

पहिल्या महायुद्धात अमेरिका जर्मनीविरुद्ध उतरली तेव्हा त्या गावात एक जर्मन पाववाला होता. युद्धाबद्दल तो दुकानात काहीतरी बोलला, किंवा बोलला असं लोक म्हणाले. लोकांनी त्याच्या दाराला गद्दाराची खूण म्हणून पिवळा रंग फासला आणि त्याच्यावर देशद्रोहाचा खटला भरला. एकही वकील मिळेना. वॉल्टरच्या वडिलांनी वकीलपत्र घेतलं. मित्रांनी पाय धरले, निवडणूक तोंडावर आहे म्हणाले. ऐकलं नाही. पाववाल्याला त्यांनी एवढंच शिकवलं की खोटं बोलायचं नाही, विचारलं तेवढ्याचंच उत्तर द्यायचं, आणि उत्तर झालं की तोंड मिटायचं. पाववाला सुटला. कोर्टाच्या पायरीवर वकिलाच्या तोंडावर ठोसा बसला. मारणारा त्यांचाच प्रचार सांभाळणारा जिवलग दोस्त. कवळी तिथेच फुटली. त्यानंतरची निवडणूक ते स्वतःच्या गल्लीतसुद्धा हरले आणि पुन्हा कधी उभे राहिले नाहीत. मरेपर्यंत लोकांची मृत्युपत्रं लिहीत बसले.

“मी त्यांच्यावर फार रागावलो होतो,” वॉल्टर म्हणाला. “खटल्याला दहा वर्षं होऊन गेली तरी शाळेत मी पाववाल्याच्या वकिलाचा पोरगा म्हणून मार खायचो. एकदा विचारलं, त्या एका माणसासाठी सगळं का घालवलंत? तर म्हणाले, पाव चांगले करायचा.”

मी डबा, माप आणि हत्यारं पिशवीत घालून क्लिनिककडे निघालो. वाटेतल्या चौकात नाका होता. शिपायानं पिशवी उपडी केली आणि तंबाखूचा डबा उघडला. कुणी विचारलंच तर माझ्या मामाची कवळी, असं मी घोकून ठेवलं होतं. पण ऐन वेळी मामा आठवेना, पाववाला आठवला.

शिपायानं विचारलं, कुणाचे दात? मी माझ्या मोडक्या अरबीत सांगितलं, एका वकिलाचे. कुठे आहे तो? मेला. कधी? फार वर्षं झाली. एवढं बोलून मी तोंड मिटलं. शिपाई कोवळाच होता. मेलेल्या माणसाचे दात हातात आहेत हे कळल्यावर त्यानं डबा दोन बोटांत धरून मला परत दिला आणि हात पँटला पुसला. पिशवीतलं माप कुणाचं हे त्यानं विचारलं नाही. मी सांगितलं नाही. मेलेल्या वकिलानं त्या चौकात मुलाचं वकीलपत्र घेतलं होतं, असं मला आजही वाटतं.

रबर तापवताना सगळ्या खोलीत गंधकाचा वास सुटला. जाळ जास्त झाला तर चिनी माती तडकते, म्हणून मी घामाघूम होऊन एकेक दात चिमट्यानं सोडवत होतो. एक दाढ गेलीच तडकून. बाकीचे निघाले. मेणात रोवायला घेतले तेव्हा माझ्या लक्षात आलं की मला फारसं काही करायचंच नाहीये. वडिलांच्या जबड्याची कमान मुलाच्या साच्यावर जवळपास तशीच बसत होती. शिजवायच्या उपकरणाची चोरी झाली होती, त्यामुळे पितळी डबा घरच्या प्रेशर कुकरमध्ये ठेवला. पुढे कितीतरी दिवस आमटीला अ‍ॅक्रिलिकचा वास येत होता.

कवळी बसवली त्या दिवशी वॉल्टरनं आरसा मागितला नाही. त्यानं युसुफभाईंकडे खुब्ज मागितला, म्हणजे तिथली रोटी. हळूहळू, डाव्या बाजूनं चावून त्यानं पूर्ण रोटी संपवली. युसुफभाईंनी दुसरी दिली. मग तो बोलायला लागला, आणि काय सांगू, दर ‘स’ला शिट्टी. मी कानस काढली आणि पुढच्या दातांमागचा टाळू घासून पातळ केला. रबराचं कवच मी त्याला डब्यात परत दिलं. माझ्या हातून एक दुर्मिळ वस्तू मोडली याची हळहळ मला वाटली, आणि वाटते. पण महिनाभरात म्हाताऱ्याच्या गालावर मांस चढलं.

डिसेंबरात परदेशी लोकांना जाऊ द्यायचं ठरलं. गोऱ्यांनी एका ठिकाणी जमायचं, तिथून बसनं विमानतळावर. वॉल्टर बाहेर पडायला तयार होईना. त्याला स्वतःची भीती नव्हती. इतके महिने कुठे होतास, असं विचारतील, मग युसुफभाईंचं काय? गोऱ्यांना सोडताहेत म्हणून लपवणाऱ्यांना माफी दिली असं कुणी म्हटलं नव्हतं. युसुफभाई म्हणाले, जे नशिबात असंल तां होयल, पण पावण्याला आता घरी जाऊ दे.

मी हमाल म्हणून त्याची बॅग उचलून रांगेत त्याच्या मागे उभा राहिलो. युसुफभाई रस्त्यापलीकडे. टेबलाशी एक अधिकारी आणि एक दुभाषा. पुढच्या प्रत्येकाला तोच प्रश्न: कुणाच्या घरी होतास, कुणी खायला दिलं. काही जण खोटे पत्ते सांगत होते आणि अधिकारी ते लिहून घेत होता. खोट्या पत्त्यावरही कुणीतरी राहतच असणार.

वॉल्टरची पाळी आली. त्यानं टोपी काढली, मग तोंडात बोट घालून कवळी काढली, रुमालात गुंडाळली आणि खिशात टाकली. मला राग आला. कोरड्या रुमालात कवळी ठेवायची नसते हे मी त्याला दहादा सांगितलं होतं.

दुभाष्यानं विचारलं, कुठे होतास? आणि वॉल्टर बोलला. हातवारे करत, मान झुकवत, अगदी अदबीनं, त्यानं त्या प्रश्नाचं सविस्तर उत्तर दिलं. त्यातला एक शब्द कुणाला कळला नाही. नुसती वाफ आणि थुंकी. दुभाष्यानं पुन्हा विचारलं. वॉल्टरनं पुन्हा तितकंच लांब भाषण केलं. रांगेतले लोक बघू लागले. अधिकाऱ्यानं चेहरा पुसला आणि पेन माझ्याकडे रोखलं.

“काय म्हणतोय हा?”

“त्याला दात नाहीत, साहेब,” मी म्हणालो, आणि तोंड मिटलं.

अधिकाऱ्यानं हात झटकून त्याला पुढे जायला सांगितलं. मी बॅग बसपाशी ठेवली. वॉल्टरनं माझ्याकडे न बघता, मी कुणी अनोळखी हमालच आहे अशा थाटात, ती उचलली आणि पायऱ्या चढून गेला. खिडकीशी बसला. गाल पुन्हा आत गेलेले, ओठ घट्ट मिटलेले. रस्त्यापलीकडे युसुफभाई उभे होते. त्यांनी हात अर्धवट वर केला.

वॉल्टर सरळ समोर बघत राहिला. बस वळेपर्यंत त्यानं एकदाही मान फिरवली नाही. युसुफभाईंनी हात खाली घेतला आणि मग, उशिरानं, त्यांना कळलं की म्हाताऱ्यानं अधिकाऱ्यासमोर मुद्दामच ओळख दाखवली नव्हती. माझ्याजवळ येऊन ते भर रस्त्यात रडले आणि मीही रडलो.